पायऱ्या उडत नाहीत

"हात वर करा," निरीक्षक म्हणाले.

"का, शरण येऊ?" पायलटने विचारलं, पण हात वर केला.

तो दगडी पायऱ्यांच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. हात पुरता वर जाण्याआधीच त्याचं कोपर हेलिकॉप्टरच्या पात्याला लागलं. पंखा बंद होता. लांबलचक पातं स्वतःच्या वजनाने टोकाशी जरासं झुकलं होतं आणि वाऱ्याने हळूच खालीवर होत होतं. निरीक्षकांनी खिशातून टेप काढली, तिचं एक टोक पायरीवर बुटाखाली दाबलं, दुसरं पात्यापर्यंत नेलं, आकडा पाहिला आणि टेप पुन्हा खिशात ठेवली. आकडा त्यांना पाठ होता. गेल्या खेपेला तोच होता, त्याच्या आधीच्या खेपेलाही तोच.

"म्हणजे तुमच्या कानशिलाशी," ते म्हणाले.

"पण साहेब, पंखा पूर्ण वेगात असला की पाती वर उचललेली असतात."

"आणि वेग कमी होताना बाजूने वाऱ्याचा झोत आला तर?"

"तर खाली येतात." पायलटने हात खाली घेतला. तो चांगला पायलट होता, तोंडावर खोटं बोलत नसे. "पण तेव्हा इथे कोणी यायचं नसतं."

"येतात ना पण."

"येतात," पायलट म्हणाला आणि दरीकडे बघू लागला.

हेलिपॅड डोंगराच्या कुशीत कापून केलेलं होतं. वरच्या अंगाला आरोग्य केंद्र होतं आणि केंद्राच्या दारातून या पायऱ्या सरळ खाली पॅडवर उतरत होत्या. पॅड बांधलं तेव्हा पायऱ्या आणि पंखा यांच्यात ऐसपैस अंतर होतं. पुढे दरीकडची कड खचली. खचलेल्या भागावर वजन नको, म्हणून पायलट हेलिकॉप्टर आतल्या अंगाला, डोंगराच्या जवळ उतरवू लागले. यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. एवढंच झालं होतं, की पंख्याचं टोक आता पायऱ्यांवर येत होतं, आणि वरून धावत खाली येणाऱ्या माणसाचं डोकं नेमकं पात्याच्या उंचीला येत होतं. फिरतं पातं दिसत नाही. माणसाला दिसतं ते उघडं दार, आणि दारातून आत जाणारं आपलं माणूस.

दुसरी एक वाट होती. केंद्राच्या मागून निघून, औषधांच्या गोदामाला वळसा घालून, ती पॅडच्या समोरच्या टोकाला सपाटीवर येऊन मिळे. तिकडून येणारा माणूस पायलटला समोर दिसे, आणि त्याच्या डोक्यावर भरपूर जागा असे. पण ती वाट लांब होती, अरुंद होती, आणि समोर पायऱ्या असताना वळसा घालून जाईल असा माणूस निरीक्षकांना अजून भेटायचा होता.

त्यांचं मागणं काही मोठं नव्हतं. पायऱ्यांच्या तोंडाशी एक कडीचं फाटक घाला आणि खचलेली कड बांधून काढा. केंद्र म्हणे, पॅड हेलिकॉप्टर कंपनीचं आहे. कंपनी म्हणे, पायऱ्या केंद्राच्या आहेत. बांधकाम खातं म्हणे, आमची कशालाच ना नाही, आधी त्या दोघांनी आपसात ठरवावं. आणि त्यांच्या स्वतःच्या कार्यालयातले संचालक भर बैठकीत म्हणाले होते, "पायऱ्या आपल्या अखत्यारीत कशा येतील? पायऱ्या उडत नाहीत." टेबलाभोवतीचे सगळे हसले होते. निरीक्षकही हसले होते. राग त्यांना नंतर, घराचा जिना चढताना आला.

राग वेळेवर न येणं हे त्यांचं जुनं दुखणं होतं. विमानवाहतूक नियामकाच्या त्या मजल्यावर बाकी सगळे विमानवाले. हेलिकॉप्टर चालवलेले ते एकटेच. तपासणीचे छापील तक्तेही विमानांसाठीच केलेले असत. त्यात धावपट्टीची लांबी विचारलेली असे आणि ते दर वेळी सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' असं लिहीत. कधीकधी त्यांना वाटे, की आपल्या नोकरीचा सारांश कोणी विचारला तर हेच दोन शब्द पुरतील. वाद घालायला ते जात, पण बोलता बोलता समोरच्याचं म्हणणं त्यांना पटू लागे. आपण बरोबर आहोत अशी पुरती खात्री त्यांना स्वतःबद्दल कधीच वाटली नव्हती. टेप ते त्यासाठीच बाळगत.

"आज मी पॅड बंद करतोय," ते म्हणाले.

पायलटने मान वळवली. "बंद म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आता इथून उडायचं. परत उतरायचं नाही. फाटक आणि कड होईपर्यंत."

"कोणाला विचारलंत?"

"जागेवर बंदी घालायचा अधिकार आहे मला. आजवर वापरला नव्हता."

पायलटने खालच्या आवाजात शीळ घातली. "आमच्यात तुम्हाला टेपसाहेब म्हणतात, माहितीये?"

"माहितीये."

"आता यापुढे काय म्हणतील ते मी सांगत नाही." तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मग तुम्हाला न्यायला कसा येऊ मी?"

"जीपने येईन."

"जीपने संध्याकाळ होईल. त्या वळणांवर तुमची कंबर राहायची नाही."

"राहील."

"साहेब, रागावू नका, एक विचारू? असा अपघात तुम्ही स्वतः पाहिलाय कधी?"

हा प्रश्न सगळेच विचारत. निरीक्षकांना खोटं बोलता आलं असतं तर एव्हाना फाटक झालंही असतं.

"नाही," ते म्हणाले. "पाहिलेला नाही."

पायलटने खांदे उडवले. मग त्याने टोपी नीट केली, बंदीच्या कागदावर सही केली आणि पुढच्या खोऱ्यात औषधं पोचवायला हेलिकॉप्टर घेऊन निघून गेला.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी बंदीचं पत्र वाचलं, घडी घातली आणि त्यावर चहाचा कप ठेवला. खोली लहान होती. एका भिंतीला औषधांचं कपाट, दुसरीला तपासणीचं टेबल, आणि मधे त्या दोघांचे गुडघे एकमेकांना लागतील एवढीच जागा. निरीक्षक पाय आखडून बसले होते.

"पत्र छान लिहिता तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला एक सांगा, यात ज्याचं डोकं वाचणार आहे तो माणूस कोण?"

"ते आधी कसं कळेल?"

"नाही ना कळणार? माझी माणसं मला माहीत आहेत. नावानिशी. गेल्या आठवड्यात एक बाळंतीण पाठवली. त्याच्या आधी साप चावलेला एक जण. ते तुमच्या जीपच्या रस्त्याने पोचले नसते."

"मला मान्य आहे."

"मान्य आहे म्हणता आणि बंद करता."

"फाटक घाला, मी उद्या उघडतो. साधं लाकडी चालेल."

"सुतार मी होऊ? मला इथे बल्ब बदलायचा तर तीन सह्या लागतात." त्यांनी कप उचलला. पत्रावर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. "तुमच्यावर राग नाही हो माझा. पण तुम्ही आज येऊन बंद करून जाणार, आणि उद्या लोक माझ्या दारात येऊन बसणार."

निरीक्षकांना त्यांचं पटत होतं, आणि पटतंय याचाच त्रास होत होता. तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता. ते उठून दाराशी गेले.

"जेवायला येताय ना रात्री?" तिने विचारलं.

"उशीर होईल. जीपने येतोय."

"का? हेलिकॉप्टर बिघडलं?"

"नाही. मी बंद केलं."

"पायऱ्या?"

"हो."

"केलंत ना शेवटी. बरं झालं. झोपेत बडबडायचं तरी थांबेल. परवा मी माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले, तर खाली उभं राहून मला स्टुलाच्या पायांबद्दल व्याख्यान दिलंत. स्टूल काही धरलं नाहीत."

"धरणार होतो."

"हो, व्याख्यान संपल्यावर." ती हसत होती. "या सावकाश. या महिन्याअखेर नोकरीतून सुटताय, तेवढ्यात कोणाशी भांडून येऊ नका."

ते आत वळणार, तेवढ्यात पायवाटेवरून आरडाओरडा ऐकू आला. चार माणसं एक लाकडी दार पालखीसारखं उचलून आणत होती. दारावर एक गवंडी आडवा होता. चाळिशीतला, अंगावर सिमेंटची पांढरी धूळ, चेहरा धुळीहून पांढरा. शाळेची भिंत बांधताना वरून पडला होता. मागून त्याची आई धापा टाकत येत होती. बुटकी, वाळकी म्हातारी. कोणाला काही विचारत नव्हती, नुसती दारामागे चालत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, पुन्हा पोट पाहिलं. मग हात पुसत बाहेर आल्या आणि निरीक्षकांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या.

"पोटात रक्तस्राव होतोय. इथे मी पोट उघडू शकत नाही. जीपने नेला तर वाटेत जाईल. पायलट शेजारच्या खोऱ्यात आहे, मी बोलले त्याच्याशी. तो म्हणतो, साहेबांना विचारा."

निरीक्षकांनी पायऱ्यांकडे पाहिलं.

"बंदी तुमची आहे ना? मग तुम्हीच उठवा. एका खेपेपुरती."

एका खेपेपुरती. हे कोणीतरी म्हणणार, हे त्यांना पत्र लिहितानाच ठाऊक होतं. मुद्दाम त्यांनी आणीबाणीचा अपवाद ठेवला नव्हता. कारण साध्या दिवशी, औषधांची खोकी उतरत असताना, पायऱ्यांवरून कोणी धावत नाही. धावतात ते अशाच दिवशी. अपवाद करायचा तर तो याच दिवशी नको होता, आणि याच दिवशी केला नाही तर आत झोपलेला माणूस मरणार होता. त्यांनी दारातून आत पाहिलं. म्हातारी मुलाच्या केसांतली सिमेंटची धूळ बोटांनी काढत होती.

"बोलवा," ते म्हणाले. "पण माझं ऐकायचं. स्ट्रेचर पायऱ्यांवरून न्यायचं नाही. आत्ताच उचला, गोदामाकडून वळशाने न्या, आणि पॅडच्या समोर थांबा. हेलिकॉप्टर यायच्या आधी. बाकी कोणीही खाली यायचं नाही. पायऱ्यांवर मी उभा राहतो."

"तुम्ही?"

"दुसरं कोण आहे?"

स्ट्रेचर वळशाने गेलं. चार माणसांना अरुंद वाटेवर तिरपं चालावं लागलं, एकदा एकाचा पाय घसरला, पण ते पोचले, आणि तरीही हेलिकॉप्टर यायला अवकाश होता. निरीक्षकांच्या मनात आलं, की जमतं की. रोज जमलं असतं.

मग डोंगराआडून आवाज आला. निरीक्षक पायऱ्यांच्या मध्यावर, पॅडकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. वर केंद्राच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांच्यासमोर असं हात पसरून उभं राहताना त्यांना फार संकोच वाटला. शाळेतही ते कधी स्टेजवर गेले नव्हते. मागून वारा पाठीवर आदळला, खडे पोटऱ्यांना लागले, कोट डोक्यावर उलटला. ओट्यावरच्या बायकांनी डोळ्यांवर हात घेतले. निरीक्षकांना मागचं काही दिसत नव्हतं. पण आवाजावरून सगळं कळत होतं. आता टेकलं. आता वजन सोडलं. पायलटने पंखा चालूच ठेवला होता, आणि ते बरोबर होतं. आता स्ट्रेचर आत जात असेल.

तेवढ्यात म्हातारी गर्दीतून सुटली.

तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती पायऱ्यांवरून खाली निघाली ती त्या वयात कोणी धावेल असं वाटणार नाही अशी. नजर सरळ निरीक्षकांच्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दाराकडे. ते मधे आहेत हे तिने पाहिलंच नाही. ती त्यांच्या पसरलेल्या हाताखालून निसटली. निरीक्षकांनी वळून तिला मागून कवेत धरलं. ती दोन पायऱ्या त्यांना ओढत घेऊन गेली. मग त्यांनी पाय रोवले. तिने वळून पिशवी त्यांच्या कानावर हाणली. पिशवीत काहीतरी टणक होतं. ती ओरडत होती; तिचं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं आणि एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

आवाज वाढला, वारा एकदम जड झाला आणि मग हलका होत गेला. हेलिकॉप्टर दरीवरून पलीकडे गेलं. निरीक्षकांनी हात सोडले.

"चष्मा होता त्याचा," म्हातारी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "चष्म्याशिवाय त्याला समोरचं माणूस ओळखू येत नाही. तिथे डोळे उघडले तर त्याला काय दिसणार? नुसती पिशवी द्यायची होती मला."

"मावशी, पंखा फिरत होता."

"दिसत नाही का मला? वर होता पंखा."

"वरून येताना तो—"

"पिशवी द्यायला किती वेळ लागतो?" ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली.

ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, "उगाच म्हातारीला झोंबले." दुसऱ्याने काहीतरी म्हटलं, त्यावर दोघं-तिघं हसले. निरीक्षकांनी कोट सरळ केला. कान तापला होता. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती फार बुटकी होती. शेवटच्या पायरीवर ती पोचली असती तर? पातं कदाचित तिच्या डोक्यावरून गेलं असतं. कदाचित नसतं. धावताना माणूस पायरीवरून उसळतो. हात वर करतो. पिशवी वर धरतो. खिशातल्या टेपवर त्यांचा हात गेला होता, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. मुलगा मरणाच्या दारात असलेल्या बाईची उंची ते मोजणार होते. आणि मोजली नाही तर आपण तिला वाचवलं की नुसतं अडवलं, हे त्यांना स्वतःलाही कधी कळणार नव्हतं.

दुपारी खालून निरोप आला. गवंडी पोचला, ऑपरेशनला घेतला, डॉक्टर म्हणतात निभावेल. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. मग उठून त्यांनी स्वतः चहा केला. निरीक्षकांच्या कानाला औषध लावलं. "लागलं की चांगलंच. चष्म्याची डबी असणार," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या संचालकांना फोन केला होता."

"कशाला?"

"आभार मानायला. म्हटलं, तुमच्या माणसाने जातीने उभं राहून पेशंट पाठवला. असं कोण करतं?"

निरीक्षकांनी कप खाली ठेवला. ते काही बोलणार, तोवर त्यांचाच फोन वाजला.

"अभिनंदन," संचालक म्हणाले. आवाज खुशीत होता. "मंत्रालयापर्यंत गेलंय. म्हटलं ना मी नेहमी, हेलिकॉप्टरवाल्यांचं काळीज वेगळं असतं."

"सर, बंदीचं—"

"ती मागे घेतोय मी. आत्ताच कंपनीला कळवलं."

"सर, फाटक नाही झालेलं. कडही तशीच आहे."

"अहो, पण तुमच्याच देखरेखीखाली उतरलं ना? उडालं ना? काही झालं का?"

"नाही."

"मग याहून मोठी चाचणी काय असते? मुख्य निरीक्षकाने स्वतः उतरवून दाखवलं. उद्या मी बंदी ठेवली आणि कोणी विचारलं, आज चाललं मग उद्या का नाही, तर काय सांगू?"

"आज मी पायऱ्यांवर उभा होतो म्हणून—"

"बरोबर. मग दर वेळी कोणीतरी उभं राहील. तशी सूचना काढू."

"कोण उभं राहील, सर?"

"ते केंद्र आणि कंपनी आपसात ठरवतील."

निरीक्षकांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ते सगळं त्यांना उद्या सुचणार होतं, घरी, जिन्यात.

"हे बघा," संचालकांचा आवाज मऊ झाला, "महिनाअखेर सुटताय तुम्ही. चांगल्या नावाने सुटा. शेवटी शेवटी कशाला कटकट लावून घेता? पायलटला सांगितलंय, तुम्हाला घेऊनच येईल तो."

"माझ्या जागी कोण येतंय, सर?"

"जाहिरात काढायचीय अजून. तोवर आपले विमानवाले बघतील. ठेवू?"

त्यांनी फोन खिशात ठेवला. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. अर्धं ऐकून बाकीचं त्यांना समजलं होतं.

"मी फक्त आभार मानले हो," त्या म्हणाल्या.

"चांगलंच केलंत."

"मला पॅड उघडं हवंच होतं. पण असं नको होतं." त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, त्यावरच्या चहाच्या वर्तुळाकडे पाहिलं आणि ते कुठे ठेवावं हे न कळून हातातच धरलं. "उभं राहायला कोणाला सांगू? आमच्या आयाबाईंना? त्या सलाईन धरतील, की पायऱ्यांवर हात पसरतील?"

"दोन्ही सांगाल तुम्ही," निरीक्षक म्हणाले, "आणि त्या सलाईन धरतील. मीही तेच केलं असतं."

पायलट उन्हं कलायच्या आत परत आला. पंखा त्याने चालूच ठेवला. वारा वाढायच्या आत त्याला डोंगर ओलांडायचा होता. गवंड्याच्या आईलाही न्यायचं ठरलं होतं. ती ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन कधीची तयार बसली होती. आयाबाई रक्ताच्या नमुन्यांची पेटी घेऊन सवयीने मान वाकवून पायऱ्या उतरल्या, पेटी आत ठेवली आणि तशाच मान वाकवून परत आल्या. परत येताना त्यांच्या डोक्यावरचं फडकं वाऱ्याने उडालं, ते त्यांनी हसत पकडलं. पायलटने आतून निरीक्षकांना हात केला.

निरीक्षकांनी आपली बॅग उचलली आणि ते गोदामाकडे वळले.

"अहो, इकडे कुठे?" म्हातारी त्यांच्यामागून उठली होती.

"इकडून जाऊ, मावशी."

"पायऱ्या त्या समोर आहेत की."

"हो."

"माझे गुडघे बघितलेत का? ही आयाबाई आत्ता जाऊन आली तिकडून. सगळे तिकडूनच जातात."

"हो."

"आणि बंदी की काय घातली होतीत, ती उठली म्हणतात."

"उठली."

"मग आता काय?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं. कड, उतार, पातं, बाजूचा वारा. सगळं त्याच क्रमाने घशाशी आलं. संचालकांना, कंपनीला, बांधकाम खात्याला, डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं त्याच शब्दांत. त्या शब्दांचा त्यांना एकाएकी वीट आला.

"मला तिकडून भीती वाटते," ते म्हणाले.

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला असावा.

"तुम्हाला?"

"हो."

"रोज बसता ना यात?"

"बसायची नाही वाटत. त्या पायऱ्यांची वाटते."

ती हसली नाही. तिने पायऱ्यांकडे एकदा पाहिलं, मग त्या अरुंद वाटेकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"असं आधी बोलायचं ना," ती म्हणाली. "पुरुष माणसं बोलत नाहीत, आणि मग दुसऱ्याला धरून ठेवतात." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "चला. माझ्या मागून या. दरीकडे बघू नका."

वाट एका माणसापुरती होती. ती पुढे, ते मागे. तिच्या गुडघ्यांमुळे चाल अगदी हळू होती. पायलट खिडकीतून मान बाहेर काढून पाहत होता. गोदामाचा कोपरा आला तसा वारा दोघांच्या अंगावर आला; म्हातारीने त्यांचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि निरीक्षक डोकं खाली घालून, ती थांबे तिथे थांबत, निमूटपणे तिच्यामागून चालत राहिले.